वाचक विचारतात : भूकंप आणि अणुवीज केंद्रातले पाईप

प्रश्न : कैगा अणुवीज केंद्र आम्हां काणकोणकरांना काही लांब नाही. भूकंपात तिथले पाईप टिकतील की नाही, हे कसं तपासतात? अख्खं केंद्र तर हलवून बघता येत नसणार! (एक वाचक, काणकोण)

उत्तर : केंद्र नाही, पण पाईपचा तुकडा हलवता येतो. सर्वाधिक ताण कुठे येईल ते आधी गणिताने काढतात. बहुतेकदा एल्बो (पाईपचं वळण) नाहीतर टी-जोड (पाईपला फाटा फुटतो तो सांधा) निघतो. तेवढा भाग शेक टेबलवर, म्हणजे भूकंपासारख्या हलवता येणाऱ्या टेबलावर बसवतात, शक्यतो खऱ्या मापाचा, कारण वेल्ड लहान प्रतिकृतीत हुबेहूब उतरत नाही. आत पाणी भरून, केंद्र चालू असताना असतो तेवढा दाब देतात. रिकाम्या पाईपची चाचणी म्हणजे निव्वळ देखावा.

आधी हलका साइन स्वीप देऊन, म्हणजे झुलवण्याचा वेग हळूहळू बदलत नेऊन, पाईपची नैसर्गिक वारंवारिता (ज्या लयीत तो सर्वात जास्त हलतो ती) शोधायची. पाईप धरणारं फिक्स्चर लेचंपेचं असेल तर इथेच फसगत होते : मोजली जाते ती फिक्स्चरची वारंवारिता. ती ३३ हर्ट्‌झच्या वर हवी. मग भूकंपाचा हादरा टप्प्याटप्प्याने वाढवत नेतात. हा हादरा जमिनीचा नव्हे, पाईप ज्या मजल्यावर आहे तिथला. इमारत तो वाढवूनच वर पोचवते.

बिघडतं काय? दाबाखालचा एल्बो दर हेलकाव्याला किंचित फुगतो आणि तसाच राहतो. याला रॅचेटिंग म्हणतात. शेवटी एल्बोच्या बाजूच्या भिंतीत, लांबीच्या दिशेने, बारीक तडा जाऊन पाणी झिरपू लागतं. चांगल्या पोलादाचा पाईप सहसा मोडून पडत नाही, आधी गळतो. जास्त धास्ती असते ती मोठ्या पाईपला जोडलेल्या, जड वॉल्व्ह लटकणाऱ्या लहान फाट्यांची, आणि आधारांची.

प्रश्न : मग पाईप सगळीकडून घट्ट बांधून का टाकत नाहीत? (विद्यार्थिनी, फर्मागुडी)

उत्तर : कारण तो तापतो. २९० अंशांना १० मीटरचा पोलादी पाईप तीन सेंटिमीटरहून जास्त लांबतो. घट्ट बांधला तर भूकंपाची वाट न बघता नोझलवरच, म्हणजे पाईप यंत्राला जोडतो त्या तोंडावरच ताण येईल. म्हणून पाईप आणि इमारत यांच्यामध्ये स्नबर नावाचा आधार लावतात. गाडीचा सीटबेल्ट हळू ओढला की येतो, हिसका दिला की अडकतो, स्नबरचंही तसंच.

दोष दोन प्रकारचे. हायड्रॉलिक स्नबरचं तेल गळलं तर तो हिसक्यालाही अडत नाही. उलट दांड्यावर कुणी रंग फासला किंवा आत गंज धरला तर तो कायमचा अडकतो, आणि पाईप तापताना वाकू लागतो. दुसरा दोष जास्त फसवा, कारण बाहेरून स्नबर ठणठणीत दिसतो. त्यामुळे नुसती पाहणी पुरत नाही. केंद्र बंद असताना काही स्नबर काढून चाचणीच्या यंत्रावर तपासतात : हळू सरकवायला किती जोर लागतो, आणि किती वेगाला तो अडतो. एक नापास झाला की आणखी काढून तपासावे लागतात.