वाचकांचे प्रश्न: पर्लच्या फाइलची पहिली ओळ

(कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापला आहे. आज्ञा आणि आकडे टाइप करताना रोमनच वापरा.)

प्रश्न: पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या ऑफिसातल्या जुन्या स्क्रिप्ट माझ्याकडे आल्या आहेत. काहींच्या डोक्यावर यूज-यूजच्या चार ओळी, काहींवर एकही नाही. नव्या फाइलीत नेमकं काय लिहावं? तेच जुन्यांत डकवलं तर चालेल का?

नव्या फाइलीत 'यूज व्ही५.३६' एवढी एक ओळ पुरते. २०१० च्या ५.१२ पासून आवृत्तीची ओळ लिहिली की 'स्ट्रिक्ट' (घोषित न केलेलं व्हेरिएबल वगैरे चुका अडवणारी शिस्त) आपोआप लागू होतं. 'वॉर्निंग्ज' (संशयास्पद कोडबद्दलचे इशारे) मात्र वेगळं लिहावं लागे आणि नेमकं तेच राहून जाई. २०२२ च्या ५.३६ पासून तेही याच ओळीत आलं. सोबत 'से' मिळतो, म्हणजे प्रत्येक प्रिंटच्या शेवटी नवी ओळ जोडत बसायला नको, आणि सबरूटीनला (नाव दिलेला कोडचा तुकडा, थोडक्यात 'सब') सिग्नेचर, म्हणजे त्याला द्यायच्या मूल्यांची यादी, मिळते: 'सब कर($रक्कम, $दर = १८)'. दर दिला नाही तर १८ धरला जातो. रक्कमच दिली नाही, तर 'टू फ्यू आर्ग्युमेंट्स' म्हणून प्रोग्रॅम तिथेच थांबतो. पूर्वी अशा वेळी रिकामी रक्कम शून्य धरून हिशोब पुढे जायचा.

जुन्या फाइलीत मात्र ही ओळ डोळे मिटून टाकू नका. 'सब मोठा($$)' हे जुन्या पद्धतीचं प्रोटोटाइप (सबला किती आणि कशी मूल्यं येणार याची खूण) आता सिग्नेचर म्हणून वाचलं जातं आणि फाइल कंपाइलच होत नाही. तिथे ':प्रोटोटाइप($$)' करा. 'न्यू खातं(...)' ही उलटी हाकही बंद आहे, 'खातं->न्यू(...)' लिहा. आणि सिग्नेचर दिलेल्या सबमध्ये 'शिफ्ट' (आलेली मूल्यं एकेक काढून घेण्याची जुनी पद्धत) उरला असेल तर इशारे येत राहतील.

त्यामुळे आधी फक्त स्ट्रिक्ट आणि वॉर्निंग्ज टाका, 'पर्ल -सी' ने तपासा, 'माय' लिहून घोषित न केलेले व्हेरिएबल निस्तरा. '-सी' फाइल फक्त कंपाइल करून बघतो. रिकाम्या व्हेरिएबलचे इशारे प्रत्यक्ष चालवल्यावरच दिसतात. म्हणून कालचाच डेटा देऊन जुनं आणि नवं आउटपुट 'डिफ'ने ताडून बघा. ते जुळलं की मग आवृत्तीची ओळ.

प्रश्न: हीच ओळ सर्व्हरवर टाकली तर स्क्रिप्ट सुरूच होत नाही.

'पर्ल -व्ही' करून बघा. उबुंटू २२.०४ सोबत ५.३४ येतं, डेबियन १२ सोबत ५.३६. जुन्या पर्लला नवी आवृत्ती मागितली की ते पहिल्याच ओळीवर थांबतं, आणि ते योग्यच आहे. सिस्टिमचं पर्ल बदलू नका, इतर साधनं त्यावर चालतात. पर्लब्रू किंवा पीएलएन्व्ह वापरून स्वतंत्र पर्ल बसवा. क्रॉनला (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारी सोय) तुमचा पाथ ठाऊक नसतो, तेव्हा तिथे त्या पर्लचा पूर्ण पत्ता लिहा.

प्रश्न: मराठी मजकुराची लांबी चुकते आणि 'वाइड कॅरेक्टर' असा इशारा येतो.

आवृत्तीच्या ओळीत हे येत नाही. मराठीत काम करणाऱ्याला आणखी दोन ओळी लागतातच. 'यूज यूटीएफ८' ने पर्लला कळतं की फाइलीतला मजकूर यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) आहे. ती नसेल तर 'मराठी' या शब्दाची लांबी १५ येते, कारण ते बाइट मोजले. असेल तर ५: म, र, काना, ठ, वेलांटी. आपल्याला हवी असलेली ३ अक्षरं रेगेक्समधल्या (मजकूर शोधायच्या नमुन्यातल्या) '\एक्स'ने (कॅपिटल एक्स) मोजा. (या ओळीमुळे '$रक्कम' असं देवनागरी नावही खरोखर चालतं. टीम मराठी नसेल तर मोह टाळा.)

वाइड कॅरेक्टरचा इशारा आउटपुटचा आहे. त्यासाठी 'यूज ओपन' आणि त्यात ':एसटीडी' व ':एन्कोडिंग(यूटीएफ-८)'. दोन्ही ओळी जोडीने टाका. दुसरी एकटीच टाकलीत, तर एकदा एन्कोड झालेला मजकूर पुन्हा एन्कोड होतो आणि पडद्यावर कचरा दिसतो. कमांड लाइनवरून आलेला मजकूर मात्र बाइटच राहतो, तो 'एन्कोड' मॉड्यूलच्या 'डिकोड'ने स्वतः उलगडा. चित्रं, झिप वगैरे फाइली ':रॉ' लावून उघडा.

एक गंमत: रेगेक्समधल्या '\डी'ला '५' हा आकडा म्हणून मान्य आहे, पण त्यात १ मिळवला तर उत्तर १ येतं, सोबत 'इजन्ट न्यूमेरिक'. फॉर्ममध्ये मराठी आकडे येत असतील तर आधी 'टीआर'ने (अक्षराच्या जागी अक्षर बदलणारी आज्ञा) रोमन (0-9) करून घ्या. रोमनच हवे असतील तर रेगेक्सला '/ए' लावा.

प्रश्न: या सगळ्या ओळी एका मॉड्यूलमध्ये घालून पन्नास फाइलींत तेवढंच यूज केलं, पण स्ट्रिक्ट लागूच झालं नाही.

स्ट्रिक्टचा अंमल ज्या फाइलीत ते लिहिलं तिच्यापुरताच असतो. मॉड्यूलमधल्या 'यूज स्ट्रिक्ट'ने मॉड्यूलच शिस्तीत आलं, बाकी पन्नास फाइली मोकळ्या. मॉड्यूलमध्ये 'इम्पोर्ट' नावाचा सब लिहा आणि त्याच्या आत 'स्ट्रिक्ट->इम्पोर्ट', 'वॉर्निंग्ज->इम्पोर्ट', 'यूटीएफ८->इम्पोर्ट', 'फीचर->इम्पोर्ट(':५.३६')' अशी हाक द्या. त्या वेळी कंपाइल होत असलेल्या, म्हणजे यूज करणाऱ्या फाइलीवर त्याचा परिणाम होतो. सीपॅनवरचं (पर्ल मॉड्यूलचं सार्वजनिक भांडार) 'मॉडर्न::पर्ल' याच पद्धतीने चालतं, मात्र त्याला वर्ष सांगा. नाही सांगितलं तर ते २००९ धरतं आणि ५.१० पुरतीच सोय देतं.