वाचकांचे प्रश्न: मोटर जोडली, पण...

प्रश्न: नमस्कार सर, ५ एचपीची थ्री फेज मोटर रिवाइंड केली (जुनं वाइंडिंग काढून नवीन तार भरली), नेमप्लेटवर ७.५ अँपिअर आहे. जोडून झाल्यावर शाफ्ट हाताला जड लागतो आणि नो लोडला (मोटरवर काहीही न जोडता) तिन्ही फेजवर ५.२, ५.३, ५.२ अँपिअर येतंय, आधी साडेतीनच्या आसपास घ्यायची. शाफ्ट जड आहे म्हणूनच करंट वाढला ना? बेअरिंग तर नवीन टाकलंय.

उत्तर: नाही हो, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, एकदम आल्या म्हणून एकीच्या गळ्यात दुसरी बांधू नका. रिकाम्या मोटरचा बराचसा करंट नुसतं चुंबकीय क्षेत्र तयार करायला जातो. शाफ्ट जड असेल तर बेअरिंग तापेल, वॅट वाढतील, पण क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजायचं मीटर) साडेतीनचे सव्वापाच होणार नाहीत.

आधी जडपणा बघू, ते सोपं आहे. कव्हरचे बोल्ट सैल करा आणि शाफ्ट फिरवा. मोकळा झाला? मग कव्हर तिरकं बसलंय. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलं की असंच होतं. समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळायचे, मधे मधे शाफ्ट हाताने फिरवायचा, अडकला की थांबून कव्हरला लाकडी हातोडीने हलके ठोके द्यायचे. आणि उघडताना कव्हर-बॉडीवर पंचाची खूण केली होती का? कारण तेच कव्हर एक बोल्ट पुढे फिरून बसलं तरी नखरे करतं.

बोल्ट सैल करूनही जडच लागत असेल तर बेअरिंग शाफ्टच्या खांद्याला नीट टेकलेलं नाही किंवा बसवताना बाहेरच्या रिंगवर ठोकलंय. शाफ्टवर चढवताना जोर आतल्या रिंगवरच पडला पाहिजे, नाहीतर धक्का गोळ्यांमधून जातो, ट्रॅकवर बारीक खड्डे पडतात आणि कोरं बेअरिंग पहिल्याच दिवशी गुरगुरायला लागतं. गरम करून बसवायचं तर ११० अंशांच्या आसपास पुरे, सीलवालं असेल तर तेवढंही नको, आणि ज्योत थेट तर कधीच नाही. मापाचा पाइप शोधायचा कंटाळा करून शिकायच्या दिवसांत मीही छिन्नीने ठोकलंय, त्यामुळे हे जरा जास्तच सांगतोय.

आता करंट. तिन्ही फेज सारखे आहेत म्हणजे शॉर्टची शक्यता कमी, तसं असतं तर एखादा फेज वेगळा पडला असता. (तसा पडला तरी लगेच वाइंडिंगला दोष देऊ नका, तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवा म्हणजे दिशा तीच राहील, मग जास्तीचा करंट लाइनसोबत राहिला तर खोट सप्लायमध्ये, मोटरच्या त्याच टोकावर राहिला तर मोटरमध्ये.) तुमच्या केसमध्ये आधी मोटर चालू असताना व्होल्टेज मोजा, ४१५ च्या मोटरला ४४० मिळत असेल तर नो लोड करंट वाढणारच. ते ठीक निघालं तर माझा संशय टर्नवर, म्हणजे कॉइलमधल्या तारेच्या वेढ्यांवर आहे. १० टक्के टर्न कमी पडले की फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) साधारण ११ टक्के वाढतो, पण कोर (वाइंडिंग बसतं तो लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा) फ्लक्सने आधीच भरत आलेला असतो म्हणून करंट त्याच्या कितीतरी पट चढतो. जुनी कॉइल तोडताना टर्न मोजून लिहिले होते का, ती वही काढा. स्टारच्या जागी डेल्टा (तिन्ही फेजची वाइंडिंग जोडायच्या या दोन पद्धती) झालंय असं कोणी म्हणेल, पण तसं असतं तर करंट फुल लोडच्याही वर गेला असता. रोटर (आतला फिरणारा भाग) लेथवर घासून घेतला असेल तर एअर गॅप, म्हणजे रोटरभोवतीची हवेची फट वाढते आणि त्यानेही नो लोड करंट वाढतो. आणि जुनं वाइंडिंग जाळावर जाळून काढलं असेल तर पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं, मग लोड नसतानाही बॉडी चांगलीच तापते. कारण कुठलंही निघो, सव्वापाचवर ही मोटर लोडला लावू नका.

प्रश्न: वार्निश करून मोटर ओव्हनमधून काढली, ८० अंशांना मेगर (इन्सुलेशन रेझिस्टन्स मोजायचं मीटर) ८ मेगओहम दाखवतोय. परत वार्निश करू का?

उत्तर: अजिबात नको, थंड होऊ द्या. तापमान १० अंश वाढलं की इन्सुलेशन रेझिस्टन्स साधारण निम्मा होतो, हा ठोकताळा धरला तर तुमचे ८ म्हणजे ४० अंशांना सव्वाशेच्या पुढे, आणि अशा लहान मोटरला ४० अंशांवर किमान ५ लागतात. मेगर ५०० व्होल्टचा घ्या, रीडिंग एक मिनिटानंतरचं लिहा, मग वाइंडिंग अर्थ करून डिस्चार्ज करा. मल्टीमीटरवर हे काम होत नाही, त्याची बॅटरी काही व्होल्टची, ओल असलेलं वाइंडिंगही त्याला छानच वाटतं. मात्र मेगर चांगला आला म्हणजे सगळं झालं असं समजू नका, टर्न टू टर्न शॉर्ट, म्हणजे कॉइलच्या वेढ्या-वेढ्यांमधला शॉर्ट, तो दाखवत नाही.

प्रश्न: पुली न लावता टेस्ट घेताना शाफ्टमधली की (पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून खाचेत बसवायची लोखंडी पट्टी) काढायची का? मी टेप लावतो.

उत्तर: काढा. टेप सुटला तर ती की १४४० आरपीएमवरून कुठे जाईल सांगता येत नाही.