बाराखडी पाठ आहे, पण मुलाला वाचता येत नाही. पहिलीत वाचन शिकवतात तरी कसं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा पहिलीत आहे, बाराखडी धडाधड म्हणतो, पण 'कपाट' वाच म्हटलं की गप्प होतो. शिवाय शाळेत 'अ आ इ' सोडून 'ग म भ न'ने सुरुवात का करतात, हेही विचारलंय. मी नाशिक जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत १९ वर्षं पहिलीचा वर्ग घेतेय, त्या अनुभवावरून सांगते.

आधी एक करून बघा. बाराखडीच्या तक्त्यावर मधेच 'कु'वर बोट ठेवा. पोरगा मनातल्या मनात 'क का कि की' करत 'कु'पर्यंत आला, तर त्याला गाणं येतंय, अक्षर नाही. माझ्या वर्गात दर जूनमध्ये अशी बरीच मुलं असतात. पाठांतर वाया जात नाही, पण ते वाचन नव्हे.

'ग म भ न'चं कारण हातात आहे, डोळ्यात नाही. वर्णमालेचा क्रम उच्चार तोंडात कुठे होतो त्यावर लावलाय: कंठ, टाळू, मूर्धा, दात, ओठ. मांडणी फार देखणी, पण सहा वर्षांच्या पोराला तिचं काय? उलट ग, म, भ, न या चारही अक्षरांना उजवीकडे उभी रेघ आहे, वळणंही जवळची. 'म' जमला की 'भ' फार लांब नाही. थोडक्यात, ही सोय लिहिण्याची. वाचायला त्यातून निघतं काय? मन, मग, नग, नभ, गगन. घरी गगन आणि नभ कोण बोलतं हो?

म्हणून मी गट वेगळा घेते: क, म, ल, र, एक काना आणि दुसरी वेलांटी. एवढ्यात काका, काकी, मामा, मामी, राम, काम, लाल, कमल होतात, आणि 'मामा, काम कर' असं अख्खं वाक्यही होतं. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन यांनी अक्षरांचे असे गट पाडून वाचन शिकवलं, मी कल्पना तिथूनच उचलली. मी कधीच वाचून न दाखवलेला शब्द पोरानं स्वतः लावला, की त्या दिवशी ते वाचायला लागलं असं मी धरते. काहींना ते तीन आठवड्यांत जमतं, काहींना दिवाळी उजाडते.

तक्त्यावरच्या चित्रांवर मात्र फार विसंबू नका. 'ए एडक्याचा' हे चित्र दाखवलं की निम्मा वर्ग 'ए मेंढ्याचा' म्हणतो! ऐरण तर आता लोहाराच्या पोरानंही पाहिलेली नसते.

आता तुमचं 'कपाट'. मुलगा बहुतेक 'क', 'पा', 'ट' असं सुटं म्हणत असेल. सुटा 'ट' आपण पूर्ण 'अ' लावून म्हणतो, पण बोलताना शेवटचा 'अ' गिळतो. त्यामुळे 'क-पा-ट' या तीन आवाजांत त्याला घरातलं कपाट ऐकूच येत नाही. आधी ओढून, मग झटकन, असं दोन-तीनदा म्हणून दाखवा. 'प ला काना पा' हे दर वेळी म्हणायला लावू नका, त्या नादात शब्द हरवतो. पहिल्या वेलांटीलाही वेळ द्या: ती दिसते अक्षराच्या आधी आणि ऐकू येते नंतर, म्हणून मुलं 'किती'ला अडखळतात, यात मठ्ठपणा काही नाही. चहातला 'च' आणि चमच्यातला 'च' वेगळा, हे तर आपल्यालाही कुणी सांगेपर्यंत जाणवत नाही.

घरी रोज दहा मिनिटं गोष्ट वाचून दाखवा, ओळीखाली बोट फिरवत. मध्येच एखाद्या सोप्या शब्दापाशी थांबा, तो म्हणतो का बघा. त्याचं नाव, मित्रांची नावं, आवडता खाऊ कागदावर लिहून द्या. परीक्षा घ्यायचीच असेल तर मुलांना वाचता येतं का हे घरोघरी तपासणाऱ्या 'असर' सर्वेक्षणातली उतरंड चांगली आहे: अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, मग गोष्ट. तो कुठल्या पायरीवर आहे ते कळलं की त्याच पायरीचं काम द्या, दोन पायऱ्या वरचं नको. आणि घाबरू नका. २०२१ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' अभियानामध्येसुद्धा समजून वाचण्याचं उद्दिष्ट तिसरीअखेरचं आहे. तुमचा तर अजून पहिलीत आहे. शेजारची मुलगी पेपर वाचते म्हणून त्याला टोचून बोलू नका, एवढं मात्र नक्की.

'कपाट' तरीही अडलंच, तर उद्या कागदावर नुसतं 'पाट' लिहा. जेवायला घेतो तो पाट. तो वाचला की 'पाट'च्या आधी 'क'ची चिठ्ठी सरकवा आणि गप्प बसा.