होव्हर: ‘फिरवा’, ‘घिरट्या घाला’ की ‘नेऊन ठेवा’?

ऐरोलीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय. त्यांची टीम एआय एजंटकडून डेस्कटॉप संगणक चालवून घेते आणि एजंटला द्यायच्या सूचना मराठीत लिहिते. माउसचा पॉइंटर एखाद्या मेनूपर्यंत न्यायचा, तिथे राहू द्यायचा, पण क्लिक करायचं नाही. या क्रियेला, म्हणजे होव्हरला, मराठीत काय लिहावं? टीममधून चार पर्याय आलेत: ‘फिरवा’, ‘घिरट्या घाला’, ‘टेकवा’ आणि सरळ ‘होव्हर करा’.

माझं मत ‘नेऊन ठेवा’ला. ‘पॉइंटर “अहवाल” मेनूवर नेऊन ठेवा. क्लिक करू नका.’

‘घिरट्या घाला’ हा पर्याय शब्दकोशातून आलेला दिसतो. ठाण्याच्या खाडीवर घार घिरट्या घालते तेव्हा ती गोलगोल फिरत असते. कापशी घार मात्र भक्ष्य हेरताना हवेत एकाच जागी पंख मारत राहते. इंग्रजी शब्द या दोघींपैकी दुसरीचा आहे, आपली घिरटी पहिलीची. संगणकाला हा फरक लगेच जाणवतो. विंडोज पॉइंटर ‘थांबला’ असं केव्हा मानतं? एका छोट्याशा चौकटीत तो ठरावीक वेळ हलला नाही तर; ही वेळ मूळ सेटिंगमध्ये ४०० मिलिसेकंद असते. पॉइंटर फिरत राहिला तर ही मोजणी पूर्णच होत नाही. ‘फिरवा’ याच कारणासाठी बाद. त्यात गती आहे, मुक्काम नाही.

‘टेकवा’मध्ये मुक्काम आहे, पण स्पर्शही आहे. मोबाइल वापरणाऱ्याच्या मनात पडद्याला बोट टेकवणं म्हणजे बटण दाबणंच, आणि इथे नेमकं तेच टाळायचंय. ‘ठेवणे’ त्या मानाने निर्धोक. एखाद्याच्या चुकीवर आपण ‘नेमकं बोट ठेवतो’ तेव्हा काही दाबत नाही, फक्त दाखवतो. पॉइंटर हे पडद्यावरचं बोटच आहे, म्हणून हा वाक्प्रचार इथे न ओढताताणता बसतो.

‘होव्हर करा’शी माझं भांडण नाही. टेस्टिंगवाल्यांच्या बोलण्यात तो रुळलाय, एजंटलाही कळतो. पण तीच सूचना उद्या ऑफिसातला एखादा नवखा माणूस वाचणार असेल, तर त्याला ‘नेऊन ठेवा’ जास्त सांगून जाईल. माझा आग्रह आहे तो यासाठी.

एजंटच्या कामाची रीतही या जोड-क्रियापदाशी जुळते. संगणक चालवणाऱ्या एजंटला पडदा दिसतो तो बहुधा स्क्रीनशॉटमधून. तो चित्र पाहतो, जागा ठरवतो आणि पॉइंटर त्या बिंदूवर हलवायचा आदेश देतो. एआय कंपनी अँथ्रॉपिकने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणलेल्या संगणक-वापराच्या साधनात ‘माउस मूव्ह’ ही कृती आहे, होव्हर नावाची वेगळी कृती नाही. म्हणजे नेणं साधनाच्या हातात, ठेवणं सूचना लिहिणाऱ्याच्या. पॉइंटर नेल्यावर लगेच क्लिक करायचं नाही, थोडं थांबायचं आणि नवा स्क्रीनशॉट घ्यायचा, हे लिहावंच लागतं. नाहीतर उघडलेला उपमेनू किंवा माहितीची पट्टी एजंटला दिसणारच नाही, आणि तो जुन्याच चित्रावर पुढचा निर्णय घेईल.

आता ताईंनी न विचारलेली, पण मला जास्त काळजीची वाटणारी गोष्ट: ‘वर’. ‘बटणावर न्या’ आणि ‘बटणाच्या वर न्या’ यांत केवढा फरक आहे! पहिल्यात पॉइंटर बटणाच्या आत येतो. दुसऱ्याचा सरळ अर्थ ‘बटणाच्या वरच्या बाजूला’, म्हणजे कदाचित टूलबारच्या मोकळ्या जागेत. बोलताना आपण दोन्ही बिनदिक्कत वापरतो, कारण समोरचा आपली मान कुठे वळली ते बघत असतो. एजंटला फक्त वाक्य मिळतं, आणि त्यावरून त्याला आडवा-उभा आकडा काढायचा असतो. पॉइंटर बटणाच्या आत हवा असेल तर ‘च्या वर’ कुठेही लिहू नका. मेनूत एकाखाली एक ओळी असतील तर मी ‘“मासिक” या ओळीच्या मध्यावर’ असंच लिहीन.

दुसरा बारकावा ‘नेणे’ आणि ‘सरकवत नेणे’ यांतला. माउस-कीबोर्ड आपोआप चालवणाऱ्या पायऑटोगुई या पायथन साधनात हालचालीला वेळ दिली नाही तर पॉइंटर एका उडीत पोचतो. वेबपानं आपोआप तपासणाऱ्या प्लेराइटमध्ये माउस हलवताना टप्पे सांगितले नाहीत तर एकच टप्पा धरला जातो. साध्या बटणाला एवढं पुरतं. उपमेनूचं तसं नाही. पॉइंटर मुख्य ओळीवरून तिरका निघाला आणि वाटेत शेजारच्या ओळीवरून गेला, तर काही प्रोग्रॅममध्ये उघडलेला उपमेनू मिटतो. तिथे वाटही सांगावी: ‘आधी त्याच ओळीवरून उजवीकडे उपमेनूत सरकवा, मग खाली न्या.’ ‘सरकवा’ वाट सांगतो, ‘न्या’ पोचण्याची जागा सांगतो. हे दोन शब्द एकमेकांऐवजी वापरू नयेत.

वेळेच्या बाबतीत तर मराठी कृदंतं फारच कामाची आहेत. पॉइंटर आत ‘येताच’ काय घडतं, ‘ठेवलेला असताना’ काय दिसतं आणि ‘काढताच’ काय जातं, या तीन वेगळ्या तपासण्या. वेबपानांच्या सजावटीची भाषा सीएसएस, तिच्या १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत होव्हर आलं ते अवस्था म्हणून. त्याला ‘ठेवलेला असताना’ नेमकं बसतं. वेबपानांना चालतं करणारी भाषा जावास्क्रिप्ट, तिच्यातल्या आत शिरण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या घटनांना ‘येताच’ आणि ‘निघताच’. ‘ठेवल्यावर’ मात्र जपून वापरा. त्यातून ‘लगेच’ही निघतं आणि ‘थोड्या वेळाने’ही. त्यापेक्षा ‘ठेवून एक सेकंद थांबा’ लिहिलेलं बरं.

राहिला तपासण्यांच्या तक्त्यातला मथळा. तिथे क्रियापद नको, नाम हवं, आणि ‘पॉइंटर-ठेव’ वाचून बँकेची आठवण व्हायची. तिथे ‘होव्हर’च ठेवा, सूचनांमध्ये ‘नेऊन ठेवा’ लिहा.