राजीनामा आत्ताच देऊ नकोस

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, सोबतच्या दोन्ही गोष्टीही वाचल्या. बेडकाची गोष्ट मला मनापासून आवडली. तिच्याकडे शेवटी येते. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मुलांसाठी पूर्ण वेळ लिहायचं म्हणून बँकेतली नोकरी सोडू नकोस. निदान आत्ता तरी नको.

हिशेब सांगते. मराठीत मुलांच्या पुस्तकाची आवृत्ती बहुधा १,००० प्रतींची निघते. पुस्तकाची किंमत ८० रुपये आणि तुझं मानधन १० टक्के धरलं, तर सगळी आवृत्ती खपल्यावर हातात ८,००० रुपये पडतात. खपायला दोन-तीन वर्षं सहज जातात. यात कुणी कुणाला लुबाडत नाही. चित्रांचा आणि रंगीत छपाईचा खर्च मोठा असतो, आणि किंमत मात्र आईबापांना परवडेल अशीच ठेवावी लागते. दिवाळी अंकांचं मानधन येतं, तेही वर्षातून एकदा. त्यावर घरभाडं भागत नाही.

आपल्याकडे हे आजचं नाही. विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ साली ‘बालबोध’ हे मुलांचं मासिक काढलं ते शिक्षणखात्यातली नोकरी करत असताना, आणि १९१४ साली वारले तोवर चालवलं. नोकरी लेखनाच्या आड येते असं तू लिहिलंयस. मला तसं वाटत नाही. माझ्या लेखनातलं बरंचसं नोकऱ्यांनीच दिलंय.

शाळेत लागण्याआधी मी छापखान्यात मुद्रितं तपासायचे. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने मुद्रितावर नजर ठेवायची, अशी आमची जोडी असे. वाचणारी बहुतेक मीच. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं तोंडाने वाचली की दम कुठे संपतो, जीभ कुठे अडखळते, हे कुणी शिकवावं लागत नाही. पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीचा वर्ग मिळाला. तिथली मुलं ओळीखाली बोट ठेवून वाचायची. साध्या अक्षरांवरून बोट सरसर पुढे जाई. जोडाक्षर आलं की थांबे, ओठ पुटपुटत, मग एकदम पुढच्या शब्दावर उडी. तो मधला शब्द गेलाच! एका ओळीत अशी तीन जोडाक्षरं आली की मूल पुस्तक मिटतं. तेव्हापासून लहान मुलांसाठी लिहिताना ते बोट माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तुझ्या काउंटरवर पेन्शन घ्यायला येणाऱ्या आजीबाई पासबुक कशात गुंडाळून आणतात, अंगठा देताना काय बोलतात, हे रोज टिपून ठेव. नातवंडांच्या गोष्टीत आजी लागतेच, आणि तुला ती घरबसल्या भेटणार नाही.

आता घराविषयी. तू त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीस, म्हणून मुद्दाम. आमचे हे एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. त्यांची दुपारची पाळी असली की सकाळ त्यांची: नळ आला की पाणी भरायचं, लेकीची वेणी घालायची, डबे भरायचे. तेवढ्या वेळात मी आतल्या खोलीत लिहायचे. शेजारी नावं ठेवायचे, पण सासूबाईंनी कुणाला उंबऱ्याच्या आत येऊन बोलू दिलं नाही. माझ्या प्रत्येक पुस्तकात या दोघांचे तास आहेत. अनिल अवचटांनी तर लिहूनच ठेवलंय की त्यांना मोकळेपणाने लिहिता-हिंडता आलं ते त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदाताईंच्या नोकरीमुळे. लेखकाने असं स्वच्छ सांगावं. तुझ्या घरी कोण काय उचलतंय ते नीट बघ, त्यांच्याशी बोलून लिहायची वेळ ठरव, आणि त्यांच्या वाट्याचं काम त्या वेळेबाहेर आपणहून कर. आई समजून घेते म्हणून सगळं तिच्यावर टाकू नकोस.

छंदाला वेळ कुठून आणू, असं विचारलंयस. कुठूनही आण. अवचट ओरिगामी करायचे, लाकूड कोरायचे, बासरी वाजवायचे; २०१० साली बालसाहित्यासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला, तेव्हा मराठीतून तो त्यांनाच मिळाला. मला पाखरांचा नाद. शाळेच्या वाटेवर एका विहिरीवर बाभळ वाकलेली होती, पावसाळ्यात तिच्यावर सुगरणींची घरटी लोंबायची. नर अर्धवट घरटं विणतो आणि त्याला लटकून पंख फडफडवत मादीला बोलावतो. ती येते, आत शिरून बघते, पसंत पडलं तरच पुढचं काम होतं. नाहीतर ते तसंच अर्धं राहतं आणि तो गडी शेजारी दुसरं विणायला घेतो. मुलांना घेऊन गेले तेव्हा ती तासभर हलली नाहीत. ‘बाई, आता तिने हो म्हटलं का?’ एवढंच कुजबुजत होती. मला तिथे गोष्ट रचावी लागली नाही, नुसती ऐकून लिहावी लागली. तुझ्या बेडकाची गोष्ट म्हणूनच आवडली. पावसाच्या पहिल्या रात्री तू खरोखर डबक्याकाठी बसल्याचं तिच्यात कळतं. दुसऱ्या गोष्टीतला सिंह मात्र कुठेच पाहिलेला वाटत नाही, तो सोडून दे.

बेडकाच्या गोष्टीचं तिसरं पान लांबलंय. तुझ्या बहिणीच्या मुलाला ती वाचून दाखव. त्याने कुठे मध्येच दुसरं काही विचारलं, कुठे पुढचं पान स्वतःच उलटलं, ते समासात लिही. मग सुधारलेली प्रत दोन ओळींत जागा सोडून कागदावर मला पाठव. दिवाळी अंकांचं साहित्य आषाढापर्यंत संपादकांच्या हाती जावं लागतं, म्हणून ज्येष्ठ महिना संपायच्या आत तुझं पाकीट माझ्याकडे यायला हवं.

आईला माझा नमस्कार सांग.

तुझी,
बाई