हजेरीसाठी नको, त्याच्यासाठी जा

प्रश्न : नगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) मी तरुण संघाचं काम पाहते. मुलं गळत चालली आहेत. ग्रुपवर रोज बायबलमधलं वचन टाकते, सभेत कळकळीने बोलते, पण फरक पडत नाही. एका मुलाने तर नोकरी सुटल्यापासून उपासनेला येणंही सोडलं. त्याआधी नाताळच्या वर्गणीवरून मी त्याला सगळ्यांसमोर बोलले होते. पाळकसाहेब म्हणतात, 'एकेकाला घरी जाऊन भेटा.' पुढारी असून मी दारोदार फिरायचं? आणि एवढा वेळ कुठून आणू?

उत्तर : ताई, पाळकसाहेबांचं ऐका आणि सुरुवात त्याच मुलापासून करा. लोक ज्याला पापी म्हणत, त्या जकातदार जक्कयाच्या घरी येशू आपणहून उतरला, लोक कुरकुरले तरी. ग्रुपवरचं वचन सगळ्यांना असतं, म्हणून ते आपल्याला आहे असं कोणालाच वाटत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाचा २१ वा अध्याय पुन्हा वाचा. येशूला धरून नेलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र याने कोळशाच्या शेकोटीपाशी 'मी त्याचा नाही' म्हणत प्रभूला नाकारलं होतं. पुढे सरोवराकाठी येशू भेटतो, तेव्हा तिथेही कोळशाचा विस्तव आहे, त्यावर मासळी आहे, भाकर आहे. रात्रभर जाळी टाकून दमलेल्यांना तो आधी न्याहारीला बोलावतो. खाणं झाल्यावर पेत्राला विचारतो, तेही नाकारल्याबद्दल नाही. माझ्यावर प्रीती करतोस का, एवढंच. आणि आपली मेंढरं, म्हणजे आपली माणसं, त्याच्याच हाती सोपवतो. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे आधी जाब विचारला जातो.

संध्याकाळी, त्याची आई घरी असेल तेव्हा जा. गावाला तोंडं फार, आणि त्या माउलीचीही कोणी विचारपूस केली नसेल. वर्गणीचा विषय तुम्हीच काढा : 'सगळ्यांसमोर बोलले, ते चुकलं माझं.' भावाचा अपराध एकांतात सांगावा, असं मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात प्रभूने सांगितलंच आहे. हिशेब कोणाचा चुकला, ते त्या दिवशी उकरू नका. मग ऐकत बसा. ओळखीत कुठे जागा आहे का ते बघा, बायोडेटा नीट करून द्या. 'रविवारी येशील ना?' हे मात्र अजिबात विचारू नका. नाहीतर तुमच्या मायेत त्याला गळ दिसेल.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. त्याचं बोलणं सभेत प्रार्थनाविनंती म्हणून मांडू नका. 'अमक्याच्या घरी अडचण आहे, प्रार्थना करू या' एवढ्या एका वाक्याने माणसं मंडळीपासून कायमची दुरावतात. प्रार्थना जरूर करा, आपल्या खोलीत, दार लावून.

वेळेचं म्हणाल, तर आठवड्याला एक घर पुरे. सगळ्यांपर्यंत तुम्ही एकट्याने पोचायचं नाहीच. पुढे एखाद्या घरी, त्यांची हरकत नसेल तर, संघातल्या समजूतदार मुलीला सोबत न्या. शेजारी बसून ती जे शिकेल, ते तुमच्या दहा भाषणांतून शिकणार नाही.

तो मुलगा कदाचित उपासनेला परत येणारही नाही. तरी नोकरीचं काय झालं, ते विचारायला पुन्हा जा.