भोक पाडायच्या आधी थांबा (रेप्लिका पात्याला फिरंगीची मूठ)

तुमची पोस्ट वाचून हसू पण आलं आणि पोटात गोळा पण. युरोपियन मध्ययुगीन तलवारीची रेप्लिका, आडवी दांडी असलेली, मागे गोल पॉमेलवाली (मुठीच्या टोकाचा लोखंडी गोळा), आणि तुम्हाला ते सगळं उतरवून मराठा वळणाची मूठ बसवायचीय. आणि तुमचा फॅब्रिकेशनवाला म्हणतोय "पातं जरा लाल करून घेऊ, मग भोक आरामात पडेल". अहो सेम टू सेम. सात वर्षांपूर्वी मला हेच वाक्य ऐकवलं होतं आणि मी शहाण्यासारखी मान हलवली होती.

कल्पना मस्तच आहे, "ही खिचडी कशाला" म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. फिरंगी म्हणजे तेच की, पातं समुद्रापलीकडचं आणि मूठ इथली. 2025 मध्ये राज्य सरकारने लंडनच्या लिलावातून आणलेली नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार बघा, युरोपियन बनावटीचं सरळ एकधारी पातं, मुठीवर सोन्याचं काम आणि पात्यावर देवनागरीत नाव कोरलंय त्याच्या शेवटी चक्क "फिरंग" हाच शब्द आहे. फक्त तुमचं पातं दुधारी, रुंद आणि मधे एकच पसरट पन्हळ असलेलं, त्यामुळे ते मध्ययुगीन घाटाचं आहे हे जाणकार माणूस बघताक्षणी ओळखणार. मला स्वतःला लांब, अरुंद, दोन-तीन बारीक पन्हळी असलेलं पातं जास्त शोभतं असं वाटतं. पण पैसे तुमचे, भिंत तुमची.

आता मुद्द्याचं. युरोपियन तलवारीत टँग, म्हणजे मुठीत जाणारी शेपटी, लांब असते, ती पॉमेलमधून आरपार जाते आणि टोकाला ठोकून चपटी केलेली असते, त्यावरच सगळं टिकतं. आपल्याकडे तसं नाही. मूठ पोकळ, टँग आखूड, आत गरम लाख भरायची, त्यात टँग खुपसायची, थंड झालं की घट्ट. खंड्याच्या (आपल्याकडची सरळ, रुंद तलवार) घाटाच्या मुठीला शिवाय दोन पट्ट्या पात्याच्या दोन्ही अंगांना खाली उतरतात आणि पात्यातून आरपार रिव्हेट मारलेले असतात. या रिव्हेटांपायीच माझं रामायण झालं.

माझं पातं ईएन 45 चं, स्प्रिंग स्टील, हार्ड करून टेम्पर केलेलं (म्हणजे ठिसूळपणा जावा म्हणून परत बेताने तापवलेलं). साधं एचएसएस (हाय स्पीड स्टीलचं) ड्रिल त्यावर नुसतं घसरायचं, दोन बिटं जळाली. मग आमचे वर्कशॉपवाले काका (माणूस चांगला, ग्रिल आणि गेट एक नंबर करतो, पण तलवार म्हणजे गेट नाही ना) म्हणाले लाल करू. गॅसकटरने मुठीजवळचा तीन-चार इंच भाग लाल केला, बाजूला ठेवून गार होऊ दिला, भोकं पडली लोण्यासारखी, मी खूश. मग पट्ट्या लावल्या, रिव्हेट गरम असताना मारले तर घट्ट बसतात म्हणून परत सगळं लालभडक केलं, रिव्हेट ठोकले आणि घाई होती म्हणून तसंच बादलीत बुडवलं. चर्रर्र आवाज झाला तेव्हा मी मोबाईलवर व्हिडिओ काढत होतो, विचार करा.

काय झालं ते मला फार नंतर कळलं. लाल झालेलं हाय कार्बन स्टील पाण्यात घातलं की काचेसारखं कडक होतं, परत टेम्पर केलं नाही तर ठिसूळच राहतं, आणि त्याच्या शेजारचा जो भाग अर्धवट तापला तो उलटा मऊ पडतो. म्हणजे ज्या जागी हात मारल्यावर सगळा ताण येतो नेमक्या त्याच जागी मी ठिसूळ आणि मऊ असं शेजारी शेजारी करून ठेवलं, वर त्यात दोन भोकं. बाहेरून काही दिसत नव्हतं, पॉलिश केल्यावर तर नवरीसारखी दिसत होती. गावी मागच्या अंगणात केळीच्या खुंटावर हात मारून बघितला, तिसऱ्या वाराला भोकातून पातं तुटलं आणि पुढचा अडीच फुटी तुकडा भिरभिरत जाऊन चुलत भावाच्या स्कूटरच्या सीटमध्ये घुसला. सीटमध्ये. तो पाचच मिनिटांपूर्वी त्यावर बसून चहा पीत होता. काकू अजून मला अंगणात उभं करत नाहीत.

तर कळकळीने सांगतो, पात्याला लाल करायचं नाही, कोणी कितीही अनुभवी म्हणवून घेत असला तरी. कार्बाइड बिट आणा, ड्रिल प्रेस कमी स्पीडला, कटिंग ऑइल सतत, मागे लाकडाचा ठोकळा, आणि पातं हाताला चटका बसण्याइतकं तापलं की थांबा. रिव्हेट मऊ लोखंडाचे किंवा पितळेचे घ्या आणि थंडच ठोका. आणि नुसती भिंतीवर लावायची असेल तर भोकं पाडूच नका, लाख पुरते, पट्ट्या पात्याला घट्ट चिकटून बसतील अशा वाकवून घ्या, लांबून कोणाला कळतंय.

लाखेचं पण तेच. तिला ब्लोटॉर्च लागत नाही, साधारण 80 डिग्रीच्या आसपास ती मऊ पडायला लागते. जुनी मूठ उतरवायची असेल तर उकळत्या पाण्यात मूठ धरली तरी काम होतं, धीर लागतो एवढंच. भरताना लाखेत विटेची बारीक भुकटी घालतात, मी पण घातली, नुसत्या लाखेपेक्षा चांगली बसली. लाखेऐवजी इपॉक्सी (पक्का गोंद) वापरणारे खूप आहेत, मी नाही, कारण वाकडी बसली तर परत काढायची सोय राहत नाही.

मूठ ऑर्डर करताना आतली पकड मोजून सांगा. आपल्या जुन्या मुठी आजच्या हाताला घट्ट होतात, माझी पहिली मूठ इतकी आवळ होती की करंगळी बाहेरच. आणि कृपा करून बाजारातून खरी जुनी मूठ घेऊन तिला ग्राइंडर लावू नका, शंभर वर्षांपुढची वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, आणि कायदा सोडा, जीव कसा होतो हो. मुठीच्या आत लाल मखमलीची गादी शिवून घ्या, बोटं सोलवटत नाहीत.

कायद्याचं थोडं, मी वकील नाही. शस्त्र कायदा 1959 चा, तलवार त्याच्या नियमांत शस्त्रांच्या यादीत आहे, आणि मनाईचा आदेश असेल तेव्हा रस्त्यावरून घेऊन फिरलात तर "रेप्लिका आहे हो" ऐकून घ्यायला कोणी थांबत नाही. घ्यायच्या आधी आपल्या पोलीस ठाण्यात विचारा, धार लावू नका, मिरवणुकीत तर अजिबात नको. माझी तर नुसती मूठ, पात्याशिवाय, एका कुरिअरने 22 दिवस "शस्त्र" म्हणून अडकवून ठेवली, रोज फोन, रोज "सर वरून क्लिअर नाहीये", शेवटी परत पाठवली आणि दोन्हीकडचे पैसे मलाच. तेव्हापासून मी स्वतः जाऊन आणतो.

आणि चामड्याच्या म्यानात कायम घालून ठेवू नका, पावसाळ्यात गंज धरतोच. शिलाई मशीनचं तेल पुसून उघडी ठेवा.

तुमच्या टँगची लांबी किती ते लिहिलं नाहीये. पॉमेलच्या टोकाला ठोकलेलं आहे का नट आहे ते आधी बघा, नट असेल तर निम्मं काम झालं. मूठ उतरवली की शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो टाका, मग टँग कापायची का आणि किती ते सांगतो. तोवर त्या फॅब्रिकेशनवाल्याला म्हणावं गेट बनव.